फक्त 'घेतलं' म्हण

लॉन्ड्रीवाल्या ताईला अख्खी गल्ली ताई म्हणायची. तिच्याहून वयानं मोठे होते तेही. आणि तिच्या धाकट्या भावाला, पन्नाशी उलटून मिशा पांढऱ्या झाल्या तरी, सगळे छोट्याच म्हणत. नवा वीजवाला एकदा 'छोट्याला हाक मारा, तो शिडी धरेल' हे ऐकून एखादा पोरगा येईल म्हणून वाट बघत होता. आतून दारात वाकून बाहेर पडणारा ताडमाड माणूस आला, तेव्हा त्यानं आपण होऊन नमस्कार केला.

दोघांचं काम इस्पितळाच्या चादरींचं. सकाळी गाडी मळक्या चादरींचे गठ्ठे टाकून जायची. ताई टाक्यांपाशी असायची. कुठला डाग गार पाण्यानं जाईल, कुठल्याला उन्हात घालावं लागेल, कुठल्याच्या नादी लागायचंच नाही, हे ती नुसतं बोट फिरवून सांगायची. छोट्याकडं बॉयलर आणि इस्त्री. आणि दुपारी दोघं मिळून घड्या घालायची. मोठ्या चादरीची घडी एकट्यानं होत नाही. दोन कोपरे हिनं धरायचे, दोन त्यानं. झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकांच्या समोर यायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, खालची बाजू उचलायची, पुन्हा मागं. आईबाप गेल्यापासून हेच चाललं होतं. दिवसभरात इतक्या वेळा हाताला हात लागायचा, की लागला हे कळायचंसुद्धा नाही.

ताईचा हात देता होता. शेजारणीनं वाटीभर काही पाठवलं, तर दिवस मावळायच्या आत वाटी भरून परत. वाढदिवसाला चर्चच्या गायनवर्गातल्या बायकांनी शाल आणली, तर तिनं त्या सगळ्यांच्या घरचे पडदे फुकट धुऊन दिले. एकदा तापानं फणफणली होती, तर तपासायला आलेल्या डॉक्टरला चहा करून द्यायला उठून उभी राहिली आणि त्याच्याच अंगावर कोसळली. "ताईला काही द्यायचं म्हणजे अंगाशी येतं," बायका म्हणायच्या. "दुप्पट होऊन परत येतं."

त्यांच्या चर्चमध्ये एक जुनी रीत होती. फार पूर्वी म्हणे कुंपणाच्या भिंतीवरून दोन घरांत वैर पेटलं होतं. समेटाला बसलं की खुलासे सुरू व्हायचे आणि खुलाशांतून नवं भांडण निघायचं. तेव्हाचे म्हातारे पाळक शेवटी वैतागले. म्हणाले, खुलासे बंद. तेव्हापासून महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या आधी, सगळे थोडा वेळ गप्प बसत. ज्याचं कुणी वाईट केलंय, त्यानं त्या माणसापुढं हात करायचा आणि म्हणायचं, 'दिलं.' क्षमा दिली, एवढंच. समोरच्यानं तो हात हातात घेऊन म्हणायचं, 'घेतलं.' का, कधी, कशासाठी, काही विचारायचं नाही. पुढं आलेला हात ज्यानं घेतला नाही, त्यानं मात्र त्या दिवशी भाकर-द्राक्षारस घ्यायला मेजापाशी जायचं नाही, बाकावर बसून राहायचं.

बहुतेक वेळा गोष्टी किरकोळ असत. नवरे बायकांना देत, बायका नवऱ्यांना. घोरण्यापासून सासूपर्यंत काहीही असे. ताई तर उदार हातानं वाटायची. न्हाव्याला एकदा भांडण नसतानाच देऊन आली होती, "पुढचं धरून" म्हणाली. पण 'घेतलं' हा शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. तिच्यापुढं कुणी हातच केला नव्हता. ताईनं कुणाचं काय वाईट केलंय?

त्या आठवड्यात छोट्या गप्प गप्प होता. ताईला वाटलं, पोट बिघडलंय. तिनं दोन दिवस त्याला पातळ जेवायला घातलं, तो मुकाट्यानं जेवला. शनिवारी दुपारी घड्या घालताना तो चादर ताणून उभा राहिला आणि पुढं आलाच नाही.

"ये ना," ताई म्हणाली. "झोपलास का उभ्या उभ्या?"

"ताई, उद्या मी तुला देणार आहे."

"काय?"

"हात. आधीच सांगून ठेवतो. चारचौघांत दचकशील."

ताई हसली. "मला? का रे बाबा, मीठ कमी पडलं का जेवणात?"

"नर्स भेटली होती," छोट्या म्हणाला.

चादर दोघांच्या मध्ये ताणलेली होती. ताईनं कोपरे सोडले नाहीत.

ती नर्स त्याच इस्पितळात होती, छोट्या तिशीतही नव्हता तेव्हा. चादरी उतरवून घ्यायला तीच असायची. छोट्या तिथून परत यायचा तो शीळ घालत यायचा, आणि गाडी रिकामी असली तरी आणखी एक खेप असल्यासारखा पुन्हा निघायचा. मग एक दिवस ती दूरच्या शहरात बदली घेऊन निघून गेली. निरोप नाही, काही नाही. छोट्या कितीतरी संध्याकाळी इस्पितळाच्या फाटकापाशी जाऊन बसायचा. ताई तिथं त्याच्यासाठी चहा घेऊन जायची, शेजारी बसायची, पाठीवरून हात फिरवायची. "जाऊ दे," म्हणायची, "ज्यांना राहायचं नसतं ते जातात. मी आहे ना."

"भावाला घेऊन आलीय ती, ऑपरेशनला," छोट्या सांगत होता. "मला बघून जरा बिचकली. मग इतक्या हळू आवाजात विचारलं, आता बरं असतं ना? झोप लागते ना? मी हसायला लागलो. म्हटलं, मला काय धाड भरलीय? तर तिचा चेहरा असा झाला, ताई. असा झाला की माझं हसू गेलं."

ताईनं चादर आणखी ताणली.

"आमच्या घरात वेड आहे, असं सांगितलंस तिला. आई वेडी होऊन गेली म्हणालीस. आता याला सुरू झालंय, तू निमूट निघून जा, त्याला कळलं तर जिवाचं बरंवाईट करेल. ती म्हणाली, तुमच्या ताईचे हात धरून मी रडले होते. म्हटलं होतं, तुमच्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो."

"मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं."

"असेल."

"असेल नाही, आहेच. ती तुला घेऊन गेली असती त्या शहरात. तुला साधं अंथरूण घालता येत नव्हतं तेव्हा. आणि आईचं म्हणशील तर ती शेवटी शेवटी भिंतीकडं बघत बसायचीच. खोटं नाही ते."

"ताप होता तिला, ताई. ताप होता."

बाहेर दोऱ्यांवरच्या चादरी फडफडत होत्या. ताईला एकदम वाटलं, यानं आता ओरडावं. हातातली चादर फेकावी, टाकीला लाथ मारावी. ओरडला असता तर ती त्याच्या वरताण ओरडली असती. तुझ्या पायी मी मागणी घालणाऱ्या पेंटरला नकार दिला, माझं घर झालं नाही, सगळं काढलं असतं. पण तो नुसता उभा होता, कोपरे धरून, ताडमाड.

"मग शिव्या दे मला," ती म्हणाली. "दे ना. गप्प का?"

"दिल्या. तू ऐकल्या नाहीस. बॉयलर चालू करून तुझ्या नावानं बोंबललो बुधवारी. घसा बसला, तू लिंबाचं पाणी दिलंस." तो किंचित हसला. "मग वाटलं, असं कुठवर? मला ती मिळणार नाही. तिला नातवंडं आहेत, सुखात आहे. तू आहेस ती मला हवी आहेस. म्हणून देतोय. सहज देतोय असं समजू नकोस. मला फार जड गेलंय."

"मी भरून देते," ताई घाईघाईनं म्हणाली. "हे घर तुझ्या नावावर करते. लॉन्ड्री तू बघ. मी जाते मावशीकडं, तुझ्या डोळ्यांसमोर नको."

"मावशी कधीच गेली, ताई."

"मग तिच्याकडं जाते, नर्सकडं. पाय धरते तिचे."

"काही नको. माझ्यासाठी काहीही करू नकोस," छोट्या म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज हलला. "आयुष्यभर केलंस. उद्या मी हात पुढं करीन. तू फक्त 'घेतलं' म्हण. एवढंच."

मग तो चालत पुढं आला. कोपऱ्याला कोपरा जुळला. ताईनं आपले कोपरे त्याच्या हातात दिले, बोटाला बोट लागू न देता, आणि खालची बाजू उचलायला वाकली.

संध्याकाळी तिनं त्याचा चर्चचा शर्ट काढला. कॉलरला खळ लावली, पुन्हा लावली. हात चालू असले की डोकं शांत राहतं असा तिचा अनुभव होता, पण आज राहीना. 'घेतलं.' काय अवघड आहे? तीन-साडेतीन अक्षरं. पण ते म्हणायचं, तर त्या संध्याकाळी फाटकापाशी नेलेला चहा कसला होता? पाठीवरून फिरवलेला हात कसला होता? पेंटरला दिलेला नकार, इतक्या वर्षांच्या कॉलरी, पथ्याची जेवणं, 'अशी बहीण सगळ्यांना मिळो' हे शब्द. एक शब्द उच्चारला की हे सगळं दुसऱ्याच नावानं ओळखावं लागणार. आणि मग मागं उरतं कोण? ती बाई ताईच्या ओळखीची नव्हती.

खरं तर होती. छोट्याची शीळ पहिल्यांदा कानावर आली तो दिवस तिला लख्ख आठवत होता. ती टाकीपाशी होती, हात पाण्यात. शीळ गल्लीच्या टोकापासून जवळ येत गेली आणि हातातली चादर पाण्यात तशीच राहिली. या घरात जेवायला एकच ताट लागणार, एवढाच विचार तेव्हा होता. त्याचं भलं, त्याचं अंथरूण, हे सगळं नंतर सुचलं. हे तिला ठाऊक होतं. नेहमीच ठाऊक होतं. तिनं शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

रविवारी पाळकसाहेबांनी कृपेवर उपदेश केला आणि नेहमीप्रमाणे डागांवर आले. किरमिजी डाग, पांढरं शुभ्र वस्त्र. एरवी ताई छोट्याच्या कानाशी लागून म्हणायची, "आयुष्यात एक रुमाल धुतला नाही आणि बोलतात बघ कसे." आज ती समोर बघत बसली होती. छोट्याही.

मग समेटाची वेळ झाली. सगळे गप्प झाले. पुढच्या बाकावर एक नवरा बायकोकडं वळला, मागं कुठंतरी दोन म्हाताऱ्यांचं कुजबुजत 'दिलं', 'घेतलं' झालं. छोट्या वळला. त्यानं हात पुढं केला. बॉयलरनं पोळलेला अंगठ्याखालचा जुना डाग, वाफेनं कायमची सुरकुतलेली बोटं. लहानपणी रस्ता ओलांडताना हाच हात तिच्या मुठीत असायचा.

"दिलं," तो म्हणाला.

हळूच म्हणाला, पण शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. गायनवर्गातल्या दोन बायकांनी माना वळवल्या. छोट्या? ताईला? ताईनं त्यांचे डोळे पाहिले. शब्द घशापर्यंत आला होता, खरंच आला होता; तिला त्याची चव लागत होती. तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आणि तिच्या तोंडून, सगळ्या गल्लीला माहीत असलेल्या त्या मायेच्या आवाजात, निघालं, "मीही दिलं रे, छोट्या."

बाकांवर जरा हायसं झालं. एका बाईनं डोळे टिपले. असतं एकेका घरचं काहीतरी, बहीणभावाचं, आणि ताईचं मन किती मोठं.

छोट्या तिच्याकडं बघत राहिला. "ताई," तो पुटपुटला, "तसं नाही."

"झालं ना. समोर बघ."

"ताई, एकदा म्हण."

"लोक बघतायत."

लोक उठून मेजाकडं जायला लागले. छोट्या बसून होता. तिनं त्याला कोपरानं ढोसलं. "तू जा."

"चल ना."

"गुडघे धरलेत. पुढच्या महिन्यात येते."

ती खोटं बोलली हे दोघांनाही कळलं. हात घेतला नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं. ती उठून गेली असती तर कुणी अडवलं नसतं. पण तेवढी लबाडी तिला जमली नाही. छोट्या उठला. रांगेत तो सगळ्यांहून उंच दिसत होता, आणि तिनं कडक केलेली कॉलर त्याच्या म्हाताऱ्या होत चाललेल्या मानेला टोचत होती. तो दोनदा बोट घालून ती सैल करू पाहत होता. ताईला उठून ती नीट करावीशी वाटली. एवढंच वाटलं.

त्यानंतर छोट्या बदलला असता तर बरं झालं असतं. तो बदलला नाही. सकाळी "ताई, चहा" म्हणायचा, जेवताना इस्पितळातल्या गमती सांगायचा, तिचे गुडघे खरंच दुखत असतील असं धरून तेल आणून ठेवायचा. तेलाची बाटली तिनं शेजारणीला देऊन टाकली. घड्या घालताना ती त्याच्यावर खेकसायची, कोपरा नीट जुळव, ताण जरा, हात आहेत का लाकडं. तो ताणायचा. एकदा तिनं मुद्दामच विचारलं, "राग नाही ना येत तुला?" आणि तो म्हणाला, "येतो. मग मी पुन्हा देतो. तुला कळत नाही तेव्हासुद्धा." त्या दिवशी तिनं डोकं दुखतं म्हणून घड्या अर्ध्यावर सोडल्या. चादरी तशाच ढीग होऊन पडल्या, कारण त्यांच्या घड्या त्याला एकट्याला जमण्यासारख्या नव्हत्या.

शब्द रोज तिच्या जिभेवर यायचा. टाकीपाशी, भांडी घासताना, त्याच्या पाठमोऱ्या डोक्याकडं बघताना. एकटी असताना तिनं एकदा तो म्हणूनही पाहिला, अगदी हळू. आणि लगेच बादली जोरात आपटली, जणू कुणी ऐकलं असतं.

पुढच्या महिन्याचा तो रविवार आला. उपदेश संपत आला तशी ताईला ढास लागली. खोटी होती, पण खोकता खोकता खरी झाली. तोंडावर रुमाल धरून ती बाकावरून सरकली, मधल्या वाटेनं मागं गेली आणि बाहेर ओसरीत येऊन उभी राहिली. दार पुरतं लोटलेलं नव्हतं. फटीतून तिला त्यांचा बाक दिसत होता.

आत शांत झालं. छोट्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं वळला. तिथं तिची पर्स तेवढी होती. त्यानं हात पुढं केला आणि धरून ठेवला. त्याचे ओठ हलले. पाळकसाहेबांचं लक्ष गेलं असावं; त्यांनी मेजावरचं झाकण उचलायला नेलेला हात मागं घेतला आणि ते थांबले. हळूहळू एकेक मान दाराकडं वळली. सगळे नुसते थांबले होते, आणि छोट्याचा हात तसाच होता.

दहा-बारा पावलं असतील. ताईनं उंबऱ्यावर एक पाय ठेवला.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला कापडदुकानातल्या कारकुनाची बायको रडकं पोर घेऊन येरझाऱ्या घालत होती. नवी आई, केस विस्कटलेले, खांद्यावर दुधाचा डाग. ती जवळ आली. "ताई, जा ना आत," ती कुजबुजली. "तुमच्यासाठीच थांबलेत वाटतं. मला काय, याच्यामुळं महिने झाले, मेजापाशी जायलाच मिळत नाही."

ताईनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पोराची लाल झालेली हनुवटी. ताईच्या छातीतलं काहीतरी एकदम सैल झालं. तिनं उंबऱ्यावरचा पाय काढून घेतला.

"दे, पोर माझ्याकडं दे," ती म्हणाली. "तू जा आत."

"अहो, पण तुम्ही..."

"माझं काय. मी आहे इथं. जा, देव तुझं भलं करो."

बाईचे डोळे भरून आले. तिनं पोर ताईच्या हातांत दिलं, केसांवरून हात फिरवला आणि लगबगीनं आत गेली. आतल्या लोकांना वाटलं ताईच आली, आणि मग दिसलं की ताई नाही. छोट्यानंही पाहिलं. त्यानं हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, तळवा वरच्या बाजूला.

पोर ताईच्या खांद्यावर दोनदा मुसमुसलं आणि निवलं. ताईच्या हातात कुठलंही पोर निवायचं. ती दाराकडं पाठ करून हलकेच झुलत उभी राहिली, त्याच्या पाठीवर थोपटत, "नाही रे, नाही, मी आहे ना," असं म्हणत. आत पाळकसाहेब आणखी थोडा वेळ थांबले. मग त्यांनी भाकर मोडली.